ओल्झेच्या दोन काठांवरचे चेशिन

१९११ सालच्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या टेशेन नावाच्या गावात विजेची ट्राम सुरू झाली. गाव लहान, वस्ती जेमतेम बावीस हजारांची आणि ट्रामचा मार्ग पावणेदोन किलोमीटरचा. ती जुन्या गावाच्या वरच्या वेशीपासून निघे, बाजारचौकाजवळून अरुंद उताराने नदीकडे येई, ओल्झा नदीवरचा पूल ओलांडी आणि पलीकडच्या काठावर रेल्वे स्टेशनासमोर जाऊन थांबे. एवढ्याशा गावाला ट्राम कशाला, असे आज वाटेल. पण थिएटरपासून कॉफीगृहांपर्यंत व्हिएन्नाचा कित्ता गिरवण्याची या गावाला हौस होती आणि लोकही त्याला कौतुकाने ‘छोटे व्हिएन्ना’ म्हणत. १९२० च्या उन्हाळ्यात युरोपातल्या बड्या राष्ट्रांनी असे ठरवले की, ट्राम जी नदी रोज ओलांडते ती यापुढे दोन देशांची सीमा राहील. वरची वेस पोलंडमध्ये राहिली, स्टेशन चेकोस्लोव्हाकियात गेले. अशी ट्राम कोण चालवणार? एप्रिल १९२१ मध्ये ती बंद झाली.

आज तिथे दोन गावे आहेत. पूर्व काठावर पोलंडचे चेशिन, लोकसंख्या तेहेतीस हजारांच्या आसपास. पश्चिम काठावर चेक प्रजासत्ताकाचे चेस्की त्येशिन, म्हणजे ‘चेक टेशेन’, लोकसंख्या तेवीस-चोवीस हजार. नदीलाही दोन नावे आहेत, पोलिश लोक तिला ओल्झा म्हणतात आणि चेक लोक ओल्शे. एकसंध असतानाच्या गावाला या लेखात टेशेन हे जर्मन नाव वापरले आहे, ते त्या भाषेवरच्या प्रेमापोटी नव्हे, तर त्या काळच्या बहुतेक नकाशांवर तेच छापलेले असे म्हणून.

ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी एप्रिल १९१९ मध्ये आपल्या संसदेत मोकळेपणाने सांगून टाकले होते की, टेशेनचे नाव आपण पूर्वी कधी ऐकलेले नव्हते. असे असताना या गावावरून दोन नव्या देशांमध्ये युद्ध का झाले, पॅरिसमध्ये दीड वर्ष खलबते का चालली आणि शेवटी गाव नदीतून का कापले गेले, हे समजून घ्यायचे तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. ‘हा मुलूख कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी चार वेगवेगळ्या मापांनी मोजले जात होते, आणि प्रत्येक मापाने उत्तर वेगळे येत होते.

पहिले माप इतिहासाचे. टेशेनच्या मुलांना लहानपणी सांगितली जाणारी कथा अशी की, इसवी सन ८१० मध्ये लेश्को, बोल्को आणि चेश्को हे तीन राजपुत्र भाऊ खूप दिवसांच्या ताटातुटीनंतर इथल्या एका झऱ्यापाशी भेटले आणि त्या आनंदात त्यांनी गाव वसवले. पोलिशमध्ये ‘चेशिच’ या धातूचा अर्थ आनंदित करणे असा आहे, त्यावरून चेशिन. जुन्या गावात ‘तीन भावांची विहीर’ अजून दाखवतात. तिच्यावर एकोणिसाव्या शतकात उभारलेली लोखंडी जाळीकामाची छत्री आहे. कथा अर्थातच नावावरून मागाहून बेतलेली आहे. लेखी पुरावा ११५५ चा, पोपच्या एका सनदेतला. त्याहून जुना पुरावा दगडाचा आहे. किल्ल्याच्या टेकडीवर संत निकोलसचे अकराव्या शतकातले गोल चर्च उभे आहे. जाड भिंतींचे, आपल्याकडच्या गढीच्या बुरुजाची आठवण यावी असे हे बसके बांधकाम पोलंडच्या वीस झ्लोटींच्या नोटेवर छापलेले असल्यामुळे प्रत्येक पोलिश माणसाच्या खिशात असते, जरी ते कोणत्या गावातले हे बहुतेकांना सांगता येणार नाही.

१२९० च्या सुमारास टेशेन हे स्वतंत्र संस्थान झाले. त्याचे राजे प्यास्त घराण्याचे, म्हणजे पोलंडच्या पहिल्या राजघराण्याच्याच एका शाखेचे. मात्र १३२७ मध्ये इथल्या राजाने बोहेमियाच्या, म्हणजे चेक मुकुटाचे मांडलिकत्व पत्करले, आणि तेव्हापासून कागदोपत्री हा मुलूख चेक मुकुटाखाली गेला. १५२६ मध्ये बोहेमियाचा मुकुट ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे आला. १६५३ मध्ये शेवटची प्यास्त राणी एलिझाबेथ ल्युक्रेशिया वारली आणि संस्थान थेट हाब्सबुर्गांच्या ताब्यात गेले. पुढे १७४२ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिकने सिलेसियाचा, म्हणजे टेशेन ज्यात येते त्या मोठ्या प्रांताचा, बहुतेक भाग ऑस्ट्रियाकडून हिसकावला, तेव्हा जो थोडा तुकडा ऑस्ट्रियाकडे उरला त्यात टेशेन होते. राजे पोलिश वंशाचे, मुकुट चेक, आणि गेली चारशे वर्षे दरबार व्हिएन्नाचा. इतिहासाचे माप चेकांच्या बाजूने झुकते ते १३२७ च्या त्या एका मांडलिकत्वामुळे, आणि १९१८ मध्ये प्रागच्या पुढाऱ्यांनी नेमका त्याचाच दाखला दिला. सहाशे वर्षांपूर्वीच्या शपथेवर विसाव्या शतकातली सीमा आखावी, हा युक्तिवाद आज हास्यास्पद वाटतो खरा. पण त्या काळी प्रत्येक नवे राष्ट्र आपापल्या दप्तरखान्यातून अशीच जुनी कागदपत्रे झटकून बाहेर काढत होते.

दुसरे माप भाषेचे, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. ऑस्ट्रियाच्या १९१० च्या शिरगणतीप्रमाणे संपूर्ण टेशेन मुलखात सुमारे ५५ टक्के लोक पोलिश बोलणारे, २७ टक्के चेक आणि १८ टक्के जर्मन होते. खुद्द टेशेन गावात मात्र चित्र उलटे होते. तिथे साडेएकसष्ट टक्के जर्मन, सुमारे बत्तीस टक्के पोलिश आणि चेक सातेक टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे ज्या गावासाठी पोलिश आणि चेक भांडले, ते गाव बोलत होते जर्मन. या आकड्यांत आणखी एक मेख आहे. शिरगणतीत विचारले जाई ते व्यवहाराची भाषा कोणती, राष्ट्र कोणते हे नव्हे. आणि यिडिश ही भाषा सरकारी यादीतच नसल्याने गावातल्या ज्यू कुटुंबांनी बहुतांशी जर्मन लिहिली. खाण कामगाराने मुकादमाची भाषा सांगितली, की घरी आईशी बोलायची ती सांगितली, हे नोंदवहीवरून कळायला मार्ग नाही. चेक आणि पोलिश वस्त्यांच्या सीमेवरची काही खेडी तर एका शिरगणतीत बहुसंख्य पोलिश आणि दुसरीत बहुसंख्य चेक निघाली. तेवढ्यात कोणी गाव सोडून गेले नव्हते.

याचे कारण साधे आहे. पोलिश आणि चेक या एकाच स्लाव्ह कुळातल्या बहिणी. आणि टेशेनच्या खेड्यांतली बोली त्या दोघींच्या मधोमध पडते. व्याकरणाचा सांगाडा पोलिशचा, शब्दांत चेकची भरपूर मिसळण, आणि दुकान, कारखाना, रेल्वे यांचे शब्द जर्मनकडून घेतलेले. बटाट्याला प्रमाण पोलिशमध्ये म्हणतात झेम्न्याक, प्रमाण चेकमध्ये ब्राम्बोर, आणि टेशेनच्या आजीच्या स्वयंपाकघरात तो असतो कोब्झोल. या बोलीला तिथले लोक नावसुद्धा भाषेचे देत नाहीत. ‘पो नाशिमु’ म्हणतात, म्हणजे ‘आमच्यासारखं’. तुम्ही काय बोलता असे विचारले तर उत्तर येते, आमच्यासारखं बोलतो. हे उत्तर लिहायला शिरगणतीच्या तक्त्यात रकाना नव्हता.

त्यात धर्माची भर पडली. सोळाव्या शतकात इथला राजा ल्यूथरचा, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचा, अनुयायी झाला आणि प्रजाही झाली. पुढे त्याच्या मुलाने पुन्हा कॅथलिक पंथ धरला, पण खेड्यांतले पुष्कळ लोक परतले नाहीत. त्यांची चर्चे काढून घेतली गेली तेव्हा ते बेस्किड डोंगराच्या रानात, दगडांभोवती चोरून प्रार्थनेला जमत. १७०७ मध्ये स्वीडनच्या राजाच्या दबावाखाली व्हिएन्नाने सिलेसियात सहा प्रोटेस्टंट चर्चे बांधायला परवानगी दिली. त्यांतले एक टेशेनला मिळाले, आणि जवळपासच्या सगळ्या मुलखातून माणसे तिथेच येणार असल्याने ते असे अवाढव्य बांधले गेले की आत सहा हजारांच्या आसपास माणूस मावतो. हे पुराण सांगण्याचे कारण असे की, टेशेनचा पोलिश बोलणारा शेतकरी बऱ्याचदा ल्यूथरपंथी होता, तर शेजारच्या गालिसियातून खाणींत पोट भरायला येणारा पोलिश मजूर कॅथलिक. भाषा एक, पण चर्च वेगळे, राहणी वेगळी, आणि मजुरीच्या बाजारात तर एकमेकांचे स्पर्धक. ‘हे आमचे राष्ट्रबांधव’ असे पहिल्याला दुसऱ्याविषयी आपोआप वाटेल, ही अपेक्षा वॉर्सातल्या दिवाणखान्यात सोपी होती, टेशेनच्या बाजारात नव्हती. अर्थात ल्यूथरपंथी धर्मगुरूंमधूनच पोलिश चळवळीचे खंदे पुढारीही निघाले. त्यामुळे एक पंथ म्हणजे एक पक्ष, असे समीकरणही इथे मांडता येत नाही.

या सगळ्यांतून तिसरे माप पुढे आले, ते लोकांच्या इच्छेचे. स्कोचुफ या शेजारच्या गावातले शाळामास्तर युझेफ कोझ्दोन यांनी १९०९ मध्ये सिलेसियन लोकपक्ष काढला. आम्ही पोलिश नाही, चेक नाही, जर्मनही नाही, आम्ही इथले, सिलेसियाचे, असे त्यांचे म्हणणे. साम्राज्य कोसळल्यावर त्यांनी मागणी केली ती दोन्हीकडे न जाणाऱ्या स्वतंत्र, तटस्थ सिलेसियाची. पोलिश राष्ट्रवादी त्यांना जर्मनांचे हस्तक म्हणत, आणि जर्मनांशी त्यांचे सख्य होते हे खरेच आहे. तरीही त्यांना मिळणारा पाठिंबा केवळ कोणी चिथावल्याचा नव्हता. ज्या माणसाची भाषा ‘आमच्यासारखी’ आहे, त्याला राष्ट्रही ‘आमच्यासारखे’ असावे असे वाटणे, यात नवल काय?

चौथे माप कोळशाचे आणि रुळांचे, आणि निकाल याच मापाने लागला. मुलखाच्या वायव्य भागात कार्विनाच्या खाणी होत्या, ज्यांचा कोळसा पोलाद गाळण्याच्या भट्ट्यांना लागे. दक्षिणेला त्र्शिनेत्सला १८३९ पासून चालत आलेला लोखंडाचा मोठा कारखाना होता. आणि या दोहोंना सांधणारा, १८७२ मध्ये पुरा झालेला बोहुमीन ते कोशित्से हा लोहमार्ग टेशेनच्या पश्चिम काठावरच्या त्याच स्टेशनावरून जात होता. १९१८ मध्ये जन्मलेला चेकोस्लोव्हाकिया नकाशावर पाहिला तर लांबट, पडवळासारखा दिसतो. पश्चिमेला चेक भूमी, पूर्वेला स्लोव्हाकिया, मध्ये डोंगर. आणि त्या दोन टोकांना जोडणारी मुख्य रेल्वे ही. प्रागच्या दृष्टीने टेशेन म्हणजे गाव नव्हते, ते नव्या देशाच्या कण्यातला एक मणका होते.

आता घटनाक्रम. ऑक्टोबर १९१८ मध्ये साम्राज्य मोडकळीला आले तेव्हा स्थानिक पोलिश पुढाऱ्यांनी एक राष्ट्रीय समिती स्थापून मुलूख पोलंडचा असल्याचे जाहीर केले. चेक पुढाऱ्यांनीही आपली समिती केली. विशेष असे की, या दोन्ही स्थानिक समित्यांनी ५ नोव्हेंबरला एकमेकींशी समझोता केला. जिथे ज्यांची वस्ती जास्त तिथे तूर्त त्यांचा कारभार, अंतिम निर्णय वरच्या सरकारांनी घ्यावा. एकमेकांना ओळखणाऱ्या, एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या माणसांनी काही दिवसांत काढलेला हा तोडगा होता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला शहाणपणाचा कागद तेवढा एकच. प्रागला तो मान्य नव्हता, कारण त्याप्रमाणे खाणींचा मोठा भाग आणि रेल्वेही पोलंडकडे राहत होती. पोलंडने जेव्हा २६ जानेवारी १९१९ ला होणाऱ्या आपल्या संसदेच्या निवडणुका या मुलखातही घ्यायचे ठरवले, तेव्हा चेकांना कारण मिळाले. २३ जानेवारीला चेक फौजा आत शिरल्या. पोलंडचे बहुतेक सैन्य तेव्हा पूर्वेला ल्विव्हच्या आसपास युक्रेनी फौजांशी झुंजत होते. चार दिवसांत टेशेन पडले, लढाई स्कोचुफजवळ व्हिस्टुला नदीपर्यंत पोचली आणि दोस्त राष्ट्रांनी डोळे वटारल्यावर महिनाअखेरीस थांबली. तिला ‘सात दिवसांचे युद्ध’ म्हणतात. मेलेल्यांची संख्या शेकड्यांत मोजावी एवढीच, पण दोन शेजाऱ्यांमधला विश्वास त्या सात दिवसांत जो गेला तो पुढच्या महायुद्धापर्यंत परत आला नाही.

त्यानंतर सार्वमत घ्यायचे ठरले. सप्टेंबर १९१९ मध्ये तसा निर्णय झाला, परदेशी अधिकाऱ्यांचे मंडळ टेशेनला येऊन बसले, दोन्ही बाजूंनी भिंती पत्रकांनी भरून गेल्या. आणि पाठोपाठ मारामाऱ्या, धमक्या, संप, खून सुरू झाले. सार्वमत झालेच नाही. १९२० च्या जुलैमध्ये रशियाची लाल फौज वॉर्साच्या दिशेने झपाट्याने येत होती. पोलंडचे पंतप्रधान ग्राब्स्की मदत मागायला बेल्जियममधल्या स्पा या गावी भरलेल्या परिषदेत गेले, तेव्हा मदतीच्या बदल्यात ज्या गोष्टी मान्य कराव्या लागल्या त्यांत टेशेनचा निर्णय दोस्त राष्ट्रांवर सोपवणे ही एक होती. गळ्याशी पाणी आलेला माणूस भाव करत नाही. २८ जुलै १९२० ला पॅरिसच्या राजदूत परिषदेने निकाल दिला. पोलंडच्या वतीने सही करण्याचे काम आले पादेरेव्स्की यांच्याकडे, जे माजी पंतप्रधान होते आणि जगभर पियानोवादक म्हणून विख्यात होते. त्यांनी सही केली ती निषेधाचे पत्र जोडून.

एकूण सुमारे २,२८० चौरस किलोमीटर मुलखापैकी निम्म्याहून थोडा अधिक चेकोस्लोव्हाकियाला मिळाला. त्यात कार्विनाच्या खाणी, त्र्शिनेत्सचा कारखाना आणि संबंध लोहमार्ग आला. पोलंडला पूर्वेकडचा भाग आला. टेशेन गावात मुख्य प्रवाहाची रेघ हीच सीमा धरल्यामुळे किल्ला, गोल चर्च, बाजारचौक, थिएटर, जुन्या शाळा हे सगळे पोलंडकडे गेले. चेकांकडे गेले स्टेशन आणि त्याच्याभोवतीचे उपनगर. म्हणजे एकाला गाव मिळाले पण गाडी नाही, दुसऱ्याला गाडी मिळाली पण गाव नाही. त्या उपनगराचे गाव करण्यासाठी चेकांना पुढची दहा वर्षे बांधकामे करावी लागली; चेस्की त्येशिनचे ऐटदार नगरभवन १९२९ मध्ये पुरे झाले. आणि या अर्ध्या गावाचे नगराध्यक्ष म्हणून १९२३ पासून १९३८ पर्यंत निवडून येत राहिले ते युझेफ कोझ्दोन, ज्यांना मुळात फाळणीच नको होती.

सीमेच्या पश्चिमेला राहिलेल्या पोलिश वस्तीच्या पट्ट्याला पोलिशमध्ये झाओल्झ्ये म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘ओल्झेपलीकडचा’. पलीकडचा, पण कोणाच्या? नदीच्या पूर्व काठावर उभे राहून पाहणाऱ्याच्या. त्यामुळे हे नाव चेक माणसाच्या कानाला खटकते. नावातच दावा भरलेला आहे, असे त्याला वाटते, आणि १९३८ मध्ये जे झाले ते पाहता त्याचे तसे वाटणे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

ते थोडक्यात असे. ३० सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडायला संमती मिळाली, त्याच दिवशी पोलंडने प्रागला निर्वाणीचा खलिता धाडला आणि २ ऑक्टोबरला पोलिश फौजा टेशेनच्या पुलावरून पश्चिमेला उतरल्या. सुमारे ८०० चौरस किलोमीटरचा पट्टा त्यांनी घेतला. गाव एक झाले. चेक अधिकारी, शिक्षक, रेल्वे कामगार यांना हाकलले गेले. कोझ्दोनही गाव सोडून गेले. हा आनंद अकरा महिने टिकला. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मन आले आणि सबंध मुलूख थेट जर्मन राष्ट्राला जोडला गेला. त्याच महिन्यात चेशिनचे मोठे सिनेगॉग जाळले गेले, आणि गावातल्या ज्यूंचे पुढे जे झाले ते युरोपभर झाले तेच. म्युनिकच्या वेळी दुबळ्या शेजाऱ्यावर केलेली ही झडप पोलंडच्या इतिहासातली एक अवघड जागा आहे; २००९ मध्ये युद्धाच्या सत्तराव्या स्मृतिदिनी राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांनी ती केवळ चूक नव्हे तर पाप होते, असे जाहीरपणे म्हटले.

जर्मनांनी डिसेंबर १९३९ मध्ये इथे शिरगणती घेतली. प्रत्येक कार्डावर बोटाचा ठसा घेत, म्हणून पोलिश लोक तिला ‘बोटांची शिरगणती’ म्हणत. तिच्यात पुष्कळांनी आपले राष्ट्र ‘सिलेसियन’ असे लिहिले. काहींना ते मनापासून वाटत होते, पण पोलिश लिहिल्यास हद्दपारी वा छळछावणी वाट्याला येईल ही भीतीही होतीच. कोणत्या कार्डावर श्रद्धा होती आणि कोणत्यावर भीती, हे ठशावरून ओळखता येत नाही.

१९४५ मध्ये सीमा पुन्हा नदीवर आली. त्यावरून पोलिश आणि चेक सरकारांत पुन्हा गुरगुर झाली, पण आता दोघांचाही वरचा धनी मॉस्कोत होता आणि त्याने ती दाबून टाकली. १३ जून १९५८ च्या कराराने तंटा कायमचा मिटला. आता १९१० मध्ये पश्चिम काठावर जन्मलेली एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. जन्म ऑस्ट्रियात. दहा वर्षांची असताना चेकोस्लोव्हाकिया. अठ्ठावीस वर्षांची असताना पोलंड, एकोणतिसाव्या वर्षी जर्मनी, पस्तिसाव्या वर्षी पुन्हा चेकोस्लोव्हाकिया. तिने घर बदलले नाही, अंगणातले नाशपातीचे झाड बदलले नाही. बदलले ते रेशनकार्ड, मुलांच्या शाळेची भाषा आणि स्वतःच्या आडनावाचे शेपूट, कारण चेक दप्तरात बाईच्या आडनावाला ‘ओवा’ लागते आणि जर्मन दप्तरात लागत नाही. ‘घराबाहेर न पडता चार देश राहून आलो’ हा विनोद तिथे इतका रुळलेला आहे की आता त्यावर कोणी हसतही नाही.

समाजवादी काळात दोन्ही देश मित्र म्हणवत आणि एका पुलाचे नावही ‘मैत्री पूल’ होते, पण परवाने आणि कस्टमच्या झडत्या चालूच राहिल्या. गावातले दोन पूल मोटारींसाठी एकेरी होते, एकावरून जायचे आणि दुसऱ्यावरून यायचे, त्यामुळे दोन्हींवर रांगा लागत. १ मे २००४ ला दोन्ही देश युरोपीय संघात आले आणि २१ डिसेंबर २००७ ला पुलावरची तपासणी संपली. आता संध्याकाळी फिरायला निघालेला माणूस एका देशात कॉफी पितो आणि दुसऱ्यात पाव घेतो. दुकानदार झ्लोटी आणि चेक क्राउन दोन्ही घेतात. चेशिनमध्ये पावाच्या चकतीवर खारवलेला हेरिंग मासा ठेवून विकतात, ते खायला चेक माणसे पूल ओलांडून येतात. पोलंडभर आणि थेट आइसलँडपर्यंत आवडीने खाल्ले जाणारे प्रिन्स पोलो नावाचे चॉकलेटचे वेफर याच गावात तयार होते, आणि कारखान्याचे जुने नाव होते नदीचेच, ओल्झा.

चेक बाजूच्या पोलिश अल्पसंख्याकांची संख्या शिरगणतीगणिक घटत आहे. मुले चेक शाळेत जातात, लग्ने मिसळतात. तरी पोलिश शाळा चालू आहेत आणि चेस्की त्येशिनच्या नाट्यगृहाचा पोलिश नटसंच १९५१ पासून अखंड प्रयोग करतो. ज्या गावात अल्पसंख्याक दहा टक्क्यांच्या वर असतील तिथे दोन्ही भाषांत पाट्या लावण्याची तरतूद चेक कायद्यात आहे. त्याप्रमाणे अनेक खेड्यांत आणि स्टेशनांवर पाट्या लागल्या, आणि रात्रीतून त्यांतल्या पोलिश ओळीला काळे फासण्याचे प्रकारही घडले. पाटीवर दोन नावे लिहिणे हा बहुतेक जागी रंगाऱ्याच्या कामाचा मामला असतो. इथे तो शंभर वर्षांचा हिशोब होऊन बसतो.

मग मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि दोन्ही सरकारांनी एका दिवसाच्या अंतराने सीमा बंद केल्या. पुलांवर पुन्हा अडथळे आले. पोलंडमध्ये राहून त्र्शिनेत्सच्या कारखान्यात वा खाणींत कामाला जाणारे हजारो लोक अडकले, काहींना नोकरी राखण्यासाठी कित्येक आठवडे बायकामुलांपासून दूर, नदीपलीकडे भाड्याने राहावे लागले. एप्रिलमध्ये त्यांनी पुलापाशी निदर्शने केली. ओल्झा इथे उथळ आहे, पात्रही लहान. त्यामुळे दोन्ही काठांवर उभे राहून घरची माणसे एकमेकांशी ओरडून बोलत. त्या दिवसांत पोलिश काठाच्या कठड्यावर कोणीतरी एक लांब कापडी फलक बांधला. त्यावर पोलिशमध्ये लिहिले होते, ‘चेक गड्या, मला तुझी आठवण येते.’ थोड्याच दिवसांत समोरच्या काठावर दुसरा फलक दिसला. ‘मलाही तुझी, पोलिश गड्या.’ तो चेकमध्ये होता, आणि दोन्ही फलकांखाली भाषांतर कोणी दिलेले नव्हते.